अनुभव धागा: सुट्टीत सहकुटुंब आयरिश पबमध्ये घेतलेले जेवण

ताम्हण:

दिवाळीची आवराआवर करताना बाबांच्या कपाटातून जुन्या पंचांगांचा गठ्ठा निघाला आणि शके 1940 च्या पंचांगात खुणेसाठी घातलेली एक गोल पुठ्ठ्याची चकती खाली पडली. पेल्याखाली ठेवतात तशीच ती होती, एका बाजूला सोनेरी हार्पचे चित्र आणि मागे, बाबांच्या अक्षरात, पेन्सिलीने लिहिलेले: "धा धी ना, धा ती ना. 8-8, 8-8. तीनदा. मग नवे." बाबांना जाऊन आता दोन वर्षे होतील. ती चकती हातात घेऊन मी बराच वेळ तशीच बसून राहिले, आणि जून 2018 मधली, आयर्लंडमधल्या डूलिन गावातली ती संध्याकाळ जशीच्या तशी समोर उभी राहिली.

आम्ही पाच जण होतो. आई, बाबा, नवरा, अकरा वर्षांची लेक आणि मी. दिवसभर मोहेरचे कडे पाहिले होते. 214 मीटर उंचीचा तो कडा आणि समोरून अंगावर येणारा अटलांटिकचा वारा यांनी सगळे दमून गेले होते. उतरलो होतो त्या घरच्या बाईंना जेवायला कुठे जावे असे विचारले, तेव्हा त्यांनी सरळ पबचा रस्ता दाखवला. लहान आयरिश गावात संध्याकाळी गरम जेवण मिळण्याचे ठिकाण म्हणजे बहुधा पबच असतो, हे आम्हाला तोवर ठाऊक नव्हते. बाबा माळकरी. गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षे तबला वाजवलेला माणूस. गुत्त्याची पायरी त्यांनी जन्मात चढली नव्हती. ते म्हणाले, "तुम्ही जेवून या, मी बाहेर बाकावर बसतो." पण त्या वाऱ्यात त्यांना बाहेर बसवणे शक्य नव्हते. दार उघडून डोकावले तर आत पहिल्याच टेबलावर एक म्हातारे गृहस्थ चहाची किटली पुढ्यात घेऊन वर्तमानपत्र वाचत होते आणि शेजारी एक बाई बाळाला भरवत होती. बाबा काही न बोलता आत आले.

त्यांच्यापुढे भाज्यांचे सूप आणि तपकिरी पाव आला. हा पाव यीस्ट न घालता ताक आणि खाण्याचा सोडा घालून करतात, कारण तिकडच्या मऊ गव्हाला तीच रीत मानवते. बाबांनी त्यावर लोणी लावून चार तुकडे खाल्ले आणि दूध घातलेला कडक चहा दोनदा मागवला. साडेनऊच्या सुमारास कोपऱ्यातल्या टेबलाभोवती एकेक वादक येऊन बसू लागला. फिडल म्हणजे व्हायोलिन, बासरी, काँसर्टिना म्हणजे हातात धरायची छोटी पेटी, आणि बोरान, म्हणजे बकऱ्याच्या कातड्याने मढवलेला त्यांचा डफ. मंच नाही, ध्वनिवर्धक नाही. आमच्या भजनासारखेच सगळे एकमेकांकडे तोंड करून बसले होते.

पब तुडुंब भरला होता. भांड्यांचा आवाज, हसणे, शंभर जणांचे बोलणे, आणि बाबांच्या कानाच्या मशीनला ते काही झेपेना. मशीन शिट्टी मारू लागले. त्यांनी ते काढून डबीत ठेवले, म्हणजे संगीत सुरू होताच त्यांचे ऐकणे जवळजवळ बंद झाले. मला फार वाईट वाटले. आपण उगाच त्यांना इथे आणले, असे मनात येत होते, तोच त्यांनी उजव्या हाताचा पंजा टेबलावर पालथा ठेवला. बोरान वाजवणारा तरुण आमच्यापासून हातभर अंतरावर, त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता आणि त्याचा पाय जमिनीवर ताल धरत होता. थोड्या वेळाने बाबांची बोटे चालू लागली. मला म्हणाले, "सहा आहेत."

दहाला दहा मिनिटे असताना वाढणारी मुलगी जवळ आली आणि दहाच्या आत लेकीला बाहेर न्यावे लागेल असे तिने अगदी हळू आवाजात सांगितले. बाहेर अजून उजेड होता. लेक हिरमुसली. आई आणि नवरा तिला घेऊन घरी परतले, आणि बाबा आणि मी साडेअकरापर्यंत तिथे बसलो. त्यांनी ही चकती कधी खिशात घातली ते मला कळलेही नाही. मागे लिहिलेल्या आकड्यांचा अर्थ मला लागत नाही. आईलाही लागला नाही.

तुमच्यापैकी कोणी घरच्यांना घेऊन अशा पबमध्ये जेवले असेल, तर कृपया इथे लिहा.

रानजाई:

ताई, वाचताना घशाशी आवंढा आला. मी गेली बारा वर्षे डब्लिनमध्ये राहते, म्हणून दहाच्या नियमाबद्दल थोडे लिहिते. 2003 च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांना रात्री नऊनंतर पबमध्ये थांबू देत नाहीत. 1 मे ते 30 सप्टेंबर या काळात ती वेळ दहा असते. त्याआधी मात्र आईवडिलांबरोबर मुले निर्धास्तपणे बसतात. अडचण अशी की वादकांची बैठक, जिला इकडे सेशन म्हणतात, ती बहुतेक ठिकाणी नऊ-साडेनऊलाच सुरू होते, त्यामुळे तुमच्या लेकीसारखी कितीतरी मुले ऐन रंगात आल्यावर उठतात. मुले बरोबर असतील तर रविवारी दुपारची बैठक असलेले ठिकाण शोधावे. स्वयंपाकघरही लवकर बंद होते, म्हणून जेवण सातच्या आत मागवलेले बरे.

आणखी एक सांगते. कोपऱ्यातली रिकामी दिसणारी जागा बहुधा वादकांची असते. विचारल्याशिवाय तिथे बसू नये.

सांजवारा:

आम्ही येत्या एप्रिलमध्ये जाणार आहोत. बरोबर चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई आहेत. एप्रिलमध्ये नऊचाच नियम लागू होईल ना? आणि ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी पब बंद असतात असे कोणीतरी सांगितले, ते खरे आहे का?

रानजाई:

हो, एप्रिलमध्ये नऊ. गुड फ्रायडेची बंदी मात्र आता नाही. 1927 पासून त्या दिवशी पब बंद ठेवावे लागत. 2018 मध्ये ती अट काढून टाकली. चार वर्षांच्या मुलासाठी उंच खुर्ची आणि लहान ताटल्या बहुतेक ठिकाणी मिळतात. सहा वाजता जा, सासूबाईंना शेकोटीजवळची जागा मागा.

खडीसाखर:

शाकाहारी मंडळींसाठी एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते, कारण आमच्या घरी त्यावरून फार मनस्ताप झाला होता. आम्ही पश्चिमेकडच्या एका गावात होतो; गावाचे आणि पबचे नाव लिहीत नाही. सासूबाईंचा गुरुवार होता. भाज्यांचे सूप म्हणून त्यांनी अर्धा वाडगा संपवला आणि मग सहज चौकशी करताना कळले की ते कोंबडीच्या पाण्यात शिजवलेले आहे. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. चमचा ताटलीत ठेवला, डोळे मिटून बसल्या आणि पाणीसुद्धा घेतले नाही. चूक माझी होती, कारण मी फक्त "मांस आहे का" एवढेच विचारले होते, आणि वाढणाऱ्या मुलीने वाडग्यात जे दिसत होते तेवढ्यावरून प्रामाणिकपणे "नाही" म्हटले होते.

तेव्हापासून मी नेहमी "हे कशाच्या पाण्यात शिजवले आहे" असे विचारते. युरोपच्या आणि आयर्लंडच्या नियमांनुसार दूध, अंडे, मासे, दाणे अशा 14 घटकांची लेखी माहिती हॉटेलांना द्यावी लागते, त्यामुळे प्रत्येक पबात तशी वही किंवा तक्ता असतो. तो मागून घ्यावा. पण लक्षात ठेवा, ती यादी त्रास होऊ शकणाऱ्या पदार्थांची आहे, कोंबडी त्यात येत नाही. पावात चीज घालून भाजलेली टोस्टी, उकडून लोण्यात घोटलेला बटाटा आणि कांद्याची पात, आणि करीच्या रश्शातल्या चिप्स या तीन गोष्टींवर सासूबाईंनी पुढचे आठ दिवस काढले. करीच्या रश्शाला त्यांनी "पिठल्याच्या मावसबहिणीसारखी चव आहे" असे म्हटले, आणि त्या दिवशी त्या पहिल्यांदा मोकळेपणाने हसल्या.

पिंपळपान:

ताम्हणताई, दुसरे काही लिहायला सुचत नाही. माझ्या वडिलांनाही शेवटची काही वर्षे ऐकू येत नव्हते. तुमच्या बाबांचा तो टेबलावर ठेवलेला पंजा दिवसभर डोळ्यांपुढून हलला नाही.

दर्यावर्दी:

मी मालवणचा. जहाजावर नोकरी केली. पहिल्यांदा कॉर्क बंदरात उतरलो ते 2001 साली, तेव्हा पबमध्ये धुराने डोळे चुरचुरत. 29 मार्च 2004 पासून आयर्लंडने कामाच्या सगळ्या जागी, म्हणजे पबमध्येही, धूम्रपान बंद केले. देशभर असा नियम करणारा तो पहिला देश. त्यामुळेच 2019 च्या ऑक्टोबरमध्ये बायको आणि दोन मुलांना घेऊन डिंगलला गेलो तेव्हा मनात शंका राहिली नाही.

डिंगलमध्ये काही पब असे आहेत की एका बाजूला बार आणि दुसऱ्या बाजूला जुने दुकान. फॉक्सी जॉन्समध्ये डावीउजवीकडे पाहिले की खिळे, कड्या, रंगाचे डबे आणि दोरखंड. आमच्याकडे एकाच दुकानात तांदूळ, रॉकेल आणि छत्र्या मिळत, तसे. माझ्या धाकट्याने तिथे उभे राहून दोराची गाठ मारून दाखवली, आणि बारजवळ बसलेल्या एका आजोबांनी त्याला लगेच दुसरी गाठ शिकवली. मग आम्ही त्यांच्याच टेबलावर जेवलो. कुठले, म्हणून त्यांनी विचारले. मी म्हटले, तुमचे पंतप्रधान लिओ वराडकर यांच्या वडिलांचे गाव वराड आमच्या मालवण तालुक्यात आहे. आजोबांनी पेला खाली ठेवला आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. "म्हणजे तुमचाही मुलगा बाहेर गेला होता," असे ते म्हणाले.

त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते मी जन्मभर विसरणार नाही. 1845 ते 1852 या काळात बटाट्याचे पीक कुजले, दहा लाख माणसे मेली आणि साधारण तितकीच देश सोडून गेली. तेव्हापासून अमेरिकेला निघालेल्या पोराला निरोप देताना आदल्या रात्री घरी सारा गाव जमे. नाच, गाणे, खाणे पहाटेपर्यंत चाले, आणि त्या रात्रीला ते मयताच्या जागरणाचेच नाव देत, कारण गेलेला पुन्हा दिसणार नाही हे आईला माहीत असे. आजोबांच्या आजीची तीन भावंडे बोस्टनला गेली, एकही परत आले नाही. माझी बायको हे ऐकताना माझ्याकडे बघत नव्हती. मी जहाजावर निघायचो त्याच्या आदल्या रात्री आमच्या घरी सोलकढी आणि आंबोळ्या व्हायच्या, शेजारी यायचे, आणि माझी आई चुलीपुढून उठायचीच नाही.

त्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस वराडकर कुटुंबासह वराडला येऊन गेले. मी तेव्हा समुद्रावर होतो. बायकोने मला बातमी पाठवली आणि खाली लिहिले, "डिंगलच्या आजोबांना कळले असेल ना?"

पाऊलवाट:

आमचा अनुभव आनंदाने सुरू झाला नाही, तरी तो लिहिते, कारण अशा घरांतल्या लोकांना उपयोग होईल. माझा मुलगा स्वमग्न आहे. तेव्हा तो सात वर्षांचा होता. डब्लिनमध्ये पावसात सापडलो आणि समोर दिसेल त्या पबमध्ये शिरलो. गर्दी आणि ढोलाचा आवाज यांनी दोन मिनिटांत त्याने कान घट्ट दाबले आणि टेबलाखाली जाऊन बसला. लोक बघत होते. मी त्याला ओढून बाहेर काढणार, इतक्यात बारमागच्या बाई आल्या, त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि काही न बोलता एका लहानशा लाकडी दाराकडे बोट केले.

ती त्यांची स्नग होती. बारला लागून असलेली, चार जण मावतील एवढी बंद खोली, आत दोन बाके आणि बारच्या बाजूला पेला सरकवण्यापुरती झडप. पूर्वी बायकांनी उघड्यावर बसून पिणे शिष्टसंमत नव्हते, म्हणून त्या, आणि ज्यांना कोणाच्या नजरेस पडायचे नसे असे इतर लोक, या खोलीत बसत. दार लावले आणि आवाज निम्मा झाला. मुलगा त्या झडपेवर इतका खूश झाला की बाई दर वेळी एकच चिप झडपेतून देत आणि तो ती उचलून झडप लावून घेई. असे चाळीस वेळा तरी झाले असेल. मागे रांग लागलेली असूनही त्यांनी घाई केली नाही. वर्षभरात प्रथमच आम्ही तिघांनी एका टेबलावर बसून गरम जेवण संपवले.

जुन्या पबात शिरताना आधी विचारा की स्नग आहे का.

रानजाई:

पाऊलवाटताई, ही माहिती मी आमच्या इथल्या पालकांच्या गटात आजच पाठवते. मुलगा आता कसा आहे?

पाऊलवाट:

चौदाचा झाला. दारांच्या कड्या आणि झडपा यांची चित्रे काढतो. पहिले चित्र त्या झडपेचे होते.

कातरवेळ:

आयर्लंडच्या पश्चिमेला, कॉनमाराच्या किनाऱ्यावर स्पिडल हे गाव आहे. तिथे अनेक घरांत अजून आयरिश भाषा बोलतात. आम्ही दोघी बहिणी आईला घेऊन गेलो होतो. जेवण चालू असताना अचानक कोणीतरी "क्यूनस" म्हणाले, म्हणजे शांतता, आणि शंभर माणसे एकदम गप्प झाली. एका वयस्क बाईंनी डोळे मिटून गायला सुरुवात केली. साथीला काही नाही. या गाण्याला ते शान-नोस, म्हणजे जुनी रीत, म्हणतात. शेजारच्या माणसाने गाणाऱ्या बाईंचा हात आपल्या हातात घेतला आणि दोघांचे हात मिळून हळूहळू गोल फिरू लागले, ओळ लांबली की हळू, ओळ पडली की थोडे पुढे.

आमची आई साताऱ्याकडच्या खेड्यातली. तिने माझ्या बहिणीचा हात घट्ट धरला आणि कानात म्हणाली, "अगं, हे जातं आहे." तरुणपणी ती आणि तिची जाऊ पहाटे एकाच खुंट्याला हात घालून दळायच्या आणि ओव्या म्हणायच्या. ती आयरिश गाणी समुद्रात गेलेल्यांची आणि परदेशी गेलेल्यांची असतात असे नंतर आम्हाला सांगण्यात आले, पण आईने आम्हाला अर्थ विचारू दिला नाही. तिला तो नको होता. गाणे संपल्यावर टाळ्या थोड्याच वाजल्या. लोक त्या बाईंच्या खांद्याला हात लावून आपल्या जागी परतले.

मुचकुंद:

ताम्हणताई, तुमच्या बाबांनी काय लिहिले आहे ते मला वाटते मी सांगू शकेन. मी तबला शिकवतो आणि काही वर्षे गॉलवेत राहून त्या बैठकांत मागच्या बाकावर बसलो आहे.

"धा धी ना, धा ती ना" हा दादरा आहे, सहा मात्रांचा. त्यांची जिग ही चाल अशीच सहाच्या हिशेबात चालते, तीन आणि तीन. रील मात्र चाराच्या हिशेबात चालते, आपल्या केरव्याला जवळची. त्या सुरावटींचा बांधा ठरलेला असतो. पहिला भाग 8 आवर्तनांचा, तो दोनदा वाजवतात. मग दुसरा भाग 8 आवर्तनांचा, तोही दोनदा. म्हणून 8-8, 8-8. अशी पूर्ण सुरावट साधारण तीनदा वाजली की वादक न थांबता, एकमेकांकडे नुसते बघून, दुसऱ्या सुरावटीत शिरतात. "तीनदा. मग नवे."

हे गाणे ऐकून नव्हे, आवर्तने मोजून लिहिलेले आहे. बोरानवाला भाग बदलताना आघात थोडा बदलतो, आणि नवी सुरावट लागताना कधीकधी क्षणभर थांबून पुन्हा धरतो. पायाचा ठोका मात्र चालूच असतो. त्या बाकाच्या आणि टेबलाच्या लाकडातून हे सगळे पंज्यापर्यंत पोचले असणार. डग्ग्यावर चाळीस वर्षे हात असलेल्या माणसाला त्यापेक्षा जास्त लागत नाही. मला स्वतःला, दोन्ही कान धड असताना, हा बांधा उमगायला तीन आठवडे लागले होते.

खडीसाखर:

मुचकुंद सर, अंगावर काटा आला.

मुचकुंद:

सांजवारा, तुम्ही जाणार आहात म्हणून लिहितो. सुरावट चालू असताना टाळ्यांचा ठेका धरू नका. वादकांना आपापसात ऐकू येईनासे होते. बोटांनी टेबलावर धरा.

सांजवारा:

नक्की. सासूबाई भजनाला जातात, त्यांना हे आधीच सांगून ठेवते.

ताम्हण:

सर, तुमचा प्रतिसाद मी आईला फोनवर दोनदा वाचून दाखवला. पहिल्यांदा ती काहीच बोलली नाही. दुसऱ्यांदा म्हणाली की दुसऱ्या दिवशी गॉलवेच्या बसमध्ये बाबा खिडकीच्या दांडीवर बोटे आपटत होते आणि मधेच थांबून पुन्हा सुरू करत होते. तिला वाटले त्यांचा हात थरथरतो आहे, म्हणून तिने तो आपल्या हातात धरून ठेवला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

आम्ही तर त्या आकड्यांना गोळ्यांचा हिशेब समजत होतो.

चकती परत पंचांगात ठेवू नकोस, असे आईने सांगितले आहे. डग्ग्याची गवसणी माळ्यावर आहे. रविवारी भाऊ आला की ती खाली काढून घेऊ आणि चकती तिच्यात ठेवू.